यंत्रवीराचा उजवा हात

"चार म्हणजे चार. मी वेळेचा पक्का आहे," असं म्हणत पाहुणे मनगटाकडे पाहत आत आले, तेव्हा भिंतीवर पावणेचार वाजले होते.

वहिनींनी घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या बाईला समोरच्याची चूक सुधारायची घाई नसते. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे आमचे भावोजी, त्यांच्या मदतीला असत. निदान ते स्वतः तसं सांगत.

पाहुणे दातांच्या कवळ्या बनवत, म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. त्यांनी पिशवीतून खोकं काढून उघडलं. आत वीतभर उंचीचा यंत्रवीर उभा होता. परग्रहावरच्या लढाया टेबलावर फासे टाकून खेळतात ना, त्यातला. उजवा खांदा रिकामा होता.

"विकतचे फक्त पाय, तेही कापून लांब केलेत," कवळीवाले म्हणाले. "छाती इंजेक्शनच्या टोपणांची, नळ्या रिफिलच्या, बोटं कवळीच्या प्लास्टिकची. आठ महिने खपलोय. बुधवारी संध्याकाळपर्यंत हात होता. गुरुवारी सकाळी पाहतो तर गायब."

"बुधवारी घरात कोण होतं?"

"माझी बहीण आणि घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करतो तो. तीस वर्षांचा माझा जोडीदार." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "उद्या जोड्यांची स्पर्धा आहे, आज सहापर्यंत नावं द्यायची आहेत. हात त्यानं घेतला असेल तर त्याचं नाव देणार नाही मी. पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. पण तीस वर्षं, बाई. अर्जावर दुसरं नाव लिहायला पेन उचलवत नाही."

"हात खांद्याला राहतो कसा?"

"लोहचुंबकानं. शर्टाच्या बटणाहून लहान असतं. एक खांद्यात, ते मी आधीच बसवलं होतं. हातातलं घड्याळजी बसवत होता. बाजू उलटी पडली तर हात चिकटायच्या ऐवजी लांब पळतो आणि गोंद वाळल्यावर चुंबक निघता निघत नाही. आमच्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी हा शहाणपणा केलाय. म्हणून मी वरच्या बाजूला लाल शाईचा टिपका देऊन ठेवला होता."

"तुम्ही समोरच होता?"

"खाली फोनवर होतो. वर आलो तर खोकं बंद आणि हा चपला घालत होता. 'झालं,' म्हणाला आणि गेला."

"हे मनगटावरचं घड्याळ छान आहे."

"त्यानंच साफ केलंय. बुधवारी दिलं, काल परत आणलं. आज सकाळी सातच्या बातम्यांना लावलंय. कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून तर जास्त लागतं."

तिघं कवळीवाल्यांच्या घरी पोचले, तेव्हा त्यांची बहीण आक्का इस्त्री करत होती. टेबलाच्या अर्ध्या भागावर कपडे, अर्ध्यावर कापलेले सैनिक.

"मी केरात टाकला का, हेच विचारायला आलात ना?" तिनं कोपऱ्यातली सुपली दाखवली. "लोखंडी आहे. चुंबकाचा तुकडा आला की हिला चिकटतो. मी काढून बरणीत टाकते. दादाला सगळं सापडतं, फक्त आभार मानायला तोंड सापडत नाही."

भावोजींनी बरणी उपडी केली. दोन मुंडकी, एक पाय. तो हात त्यात नव्हता.

"घड्याळजी बुधवारी कसे वाटले?" वहिनींनी विचारलं.

"गप्प गप्प. चहाचा कप टेबलावर ठेवायला गेला आणि टेबलाच्या शेजारी सोडला. फुटला की. म्हणाला, हात ओला होता. कसला ओला, कोरडा ठणठणीत होता."

गाडीत बसताना भावोजी वहिनींच्या कानाशी पुटपुटले, "कप फुटला म्हणजे हात थरथरला. हात थरथरला म्हणजे मन खात होतं. चोर सापडला."

"तुमचं बरं असतं भावोजी. वाटेतच निकाल लागतो."

कवळीवाल्यांना गाडीतच बसवून दोघं दुकानात शिरले. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट कामाच्या टेबलावर पडलं होतं. दुरुस्तीच्या घड्याळांची पाकिटं टोपलीत भरून वर आली होती. भावोजींनी काउंटरवर फोन ठेवला आणि घड्याळजी कडाडले.

"उचला तो. पाटी वाचता येत नाही? त्याच्या आत चुंबक असतं. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगला चुंबक लागलं की घड्याळ पुढे पळत सुटतं. माझ्या टेबलावर तीस वर्षांत चुंबक आलेलं नाही."

"म्हणजे तो हात तुमच्याकडे नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही." घड्याळजींनी टेबल चाचपडत पेचकस शोधला. "आज उजेड जरा कमी आहे, नाही?"

भावोजी उन्हानं डोळे बारीक करून उभे होते. ते काही बोलणार, तोच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कवळीवाल्यांना आत घ्या आणि दार लावा. हे आपल्या चौघांतच राहू दे."

कवळीवाले खोकं घेऊन आले आणि मित्राकडे न बघता उभे राहिले.

"तुमचं घड्याळ सकाळी सातला लावलं," वहिनींनी सुरुवात केली, "आणि पावणेचारला त्यात चार वाजले. म्हणजे ते पळतंय. बुधवारपासून कालपर्यंत ते याच टेबलावर होतं. म्हणजे इथे चुंबक आलं होतं."

"पण वहिनी, हे तर चुंबकाचे वैरी," भावोजी म्हणाले.

"म्हणूनच. तीस वर्षांचा नेम माणूस उगाच मोडत नाही. भिंग आणि दिवा इथेच आहेत, आणि चुंबकावर काहीतरी बारीक काम करायचं होतं. विकायचं असतं, लपवायचं असतं, तर हात कुठेही ठेवता आला असता. मग काम कोणतं? उलटं बसलेलं चुंबक काढायचं. आणि टिपका दिलेला असताना ते उलटं बसलंच कसं? टिपका दिसला नाही. कप ठेवताना टेबलाची कड दिसली नाही, आणि आता एवढ्या उन्हात यांना उजेड कमी वाटतोय."

घड्याळजींनी खण ओढला. हात बाहेर आला. चुंबकाभोवतालचं प्लास्टिक कोरून कोरून भुंडं झालं होतं.

"तीन दिवस काढतोय," ते म्हणाले. "निघत नाही. लोकांना कळलं तर मला घड्याळ कोण देईल? आणि तुला कळलं तर तू दुसरा जोडीदार बघशील."

कवळीवाले स्टुलावर बसले. "गाढवा, मला वाटलं तू माझ्यावर जळतोस."

"तुझ्यावर? आरशात बघ एकदा."

भावोजींना हसू आवरेना. कवळीवाल्यांचे मात्र डोळे भरले होते. त्यांनी खिशातून बारीक गिरमिट काढलं आणि दहा मिनिटांत चुंबक उकरून बाहेर काढलं. घड्याळजींनी ते चिमटीत धरून यंत्रवीराच्या खांद्याजवळ नेलं. एका बाजूनं ते बोटांना मागे रेटत होतं. त्यांनी ते उलटवलं, ओढ लागली.

"ही बाजू. यात डोळ्यांचं काही काम नाही."

कवळीवाल्यांनी गोंदाचा थेंब दिला. वाळेपर्यंत त्यांनी अर्ज काढून वर घड्याळजींचं नाव लिहिलं आणि खाली स्वतःचं. मग हात खांद्याशी नेला. तो टक्कन बसला.

"सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतोय बरोबर."

"आणि उद्याचं काय? मला फाशांवरचे आकडे दिसत नाहीत रे."

"फासे तू टाक. आकडे मी वाचीन."

"खरे वाचशील ना?"

"बघा बाई," कवळीवाले वहिनींकडे वळले, "चोर मी याला ठरवलं होतं, आणि संशय हा घेतोय माझ्यावर."