लेकसाइड क्लबची हजेरी

हे सगळं घडलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण माझ्याशी वाद घालू नका. ज्यांच्या बाबतीत घडलं ते त्र्यंबककाका माझ्या वडिलांचे मावसभाऊ, आणि ती कॅसेट मी या कानांनी ऐकली आहे.

१९८५चा जुलै. न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर.

रात्रबित्र नव्हती हो. रविवारची लख्ख दुपार होती.

काका मूळचे युगांडातल्या जिंजा गावचे. तिथे त्यांचा लेकसाइड क्लब होता. हॉकी, टेनिस, क्रिकेट सगळं चालायचं, पण सगळ्यांचा जीव फुटबॉलमध्ये. मराठी, गुजराती, गोवेकर, तिथले आफ्रिकन, सगळे एका टीममध्ये. काका कॅप्टन, धाकटा भाऊ राजाराम गोलकीपर.

बहात्तर साली तिथल्या लष्करशहाने आपल्या लोकांना देशाबाहेर काढलं. निघायच्या दिवशी राजाराम म्हणाला, "दादा, क्लबच्या चाव्या मुसोकेकडे देऊन येतो. तू हो पुढे."

मुसोके टीममधला, तिथलाच; तो मागे राहणार होता. काका पुढे झाले.

राजाराम विमानतळावर आलाच नाही.

पत्रं, वकिलाती, चर्चचे लोक... काकांनी एक दार सोडलं नाही. ना निरोप, ना प्रेत. "गेला म्हणून कळलं तरी रडून मोकळा होईन," ते शैलाकाकूंना म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या जुन्या मेंबरांनी गळ घातली, क्लबचा इतिहास कॅसेटवर बोलून पाठव. काका टेपरेकॉर्डर घेऊन फॅमिली रूममध्ये बसले. स्थापना, पहिला कप, सगळं सांगून झालं. मग हजेरीची पद्धत सांगू लागले.

मॅचआधी कॅप्टन नावं पुकारायचा. असेल तो 'हजर' म्हणायचा. कुणी परगावी असेल तर सगळे गप्प. आणि कुणी वारला असेल, तर त्याचं नाव गाळायचं नाही... सगळ्यांनी मिळून एकदा बूट आपटायचे.

सांगता सांगता काकांनी रंगात येऊन जुन्या टीमची नावंच पुकारली. मैदानाबाहेर हजेरी घ्यायची नाही, हा क्लबचा नियम. कॅप्टनच विसरला.

नीट रेकॉर्ड झालं का, म्हणून त्यांनी टेप मागे घेतली.

"फर्नांडिस."

शांतता. फर्नांडिस टोरांटोला, ठणठणीत.

"मुसोके."

...धप्प.

कडक मातीवर एकदम पडलेले बूट. काकांच्या घरात तर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट होतं. मुसोकेला सैनिकांनी चौऱ्याहत्तर साली उचलून नेऊन मारलं होतं.

"जशभाई."

...धप्प. जशभाई आदल्या वर्षी लेस्टरला वारले होते.

"राजाराम."

काका टेपजवळ झुकले.

टेप फिरत राहिली... नुसती खरखर.

"शैला, राजा जिवंत आहे."

काकूंनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकली. दीपा, त्यांची कॉलेजातली मुलगी, म्हणाली, "बाबा, धिस इज क्रेझी. टेप खराब आहे." काकांनी नवी कॅसेट आणून पुन्हा नावं पुकारली. तेच बूट. राजारामच्या नावाला तीच शांतता.

मग काकांना कुणी आवरू शकलं नाही. ऑफिसात रजा टाकली, तिकीट काढलं.

"तिकडे गोळीबार चाललाय, अहो," काकू रडकुंडीला आल्या.

"तो तिथे वाट बघतोय, शैला. आणि मी इथे लॉन कापत बसलो. जिंजातलं दार न दार ठोठावीन."

रोज संध्याकाळी ते हजेरी घ्यायचे. टेप राजारामच्या नावाला गप्प राहिली की मगच जेवायचे.

निघायच्या दिवशी सकाळी टीव्हीवर बातमी. युगांडात लष्कराने सत्ता घेतली. दुपारी ट्रॅव्हल एजंट विवेकचा फोन.

"सॉरी काका, फ्लाइट कॅन्सल केली त्यांनी. आत कुणालाच सोडत नाहीयेत."

काका बाहेर जायच्या कपड्यांतच बसले. शेजारी बॅग. टेपरेकॉर्डर पुढे ओढला.

"आज नको," काकू म्हणाल्या.

त्यांनी नावं पुकारली. टेप मागे घेतली. ऐकू लागले.

"राजाराम."

...

...धप्प.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. काका रडले नाहीत. त्यांनी टेप बंद केली.

"काल टेप गप्प होती, शैला," ते म्हणाले. "तेरा वर्षं होता तो. कालपर्यंत होता."

राजारामची खबर आजतागायत कुणाकडून आली नाही. कधी, कुठे, काय झालं, देव जाणे.

काकांनी मात्र त्यानंतर कुणालाही नावाने हाक मारली नाही. जेवण वाढलं की जिना चढून वर जायचे आणि दीपाच्या खांद्याला हात लावायचे. मी गेलो की दारात नुसता हात वर करायचे.

का, ते मी त्यांना विचारलं नाही. माझीच छाती झाली नाही.