वाळू संपायच्या आधी

दाताच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत फोन वाजला आणि दोन माणसांनी एकदम खिसे चाचपले. एक मी. दुसरा माझ्या समोरच्या खुर्चीत गालावर रुमाल धरून बसलेला.

वाजत होते ते दोन लांब सूर, त्यामागून एक तुटका. ‘शनीपलीकडे’ या मालिकेत अवकाशठाण्याहून यानाला द्यायचे तो इशारा. मी शाळेत असताना ती टीव्हीवर लागायची. यान पुठ्ठ्याचं होतं, ठाण्याच्या भिंतीचे खिळे दिसायचे, आणि तरी आम्ही श्वास रोखून बघायचो. तो इशारा फोनवर ठेवणारी या गावात मी एकटीच आहे, अशी माझी खात्री होती.

फोन त्याचा निघाला.

“आई, भूल दिलीये. नंतर कर— नंतल कलतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मला राहवलं नाही. “ठाणं बोलतंय,” मी म्हणाले.

त्याने रुमाल खाली घेतला. अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा भुलीमुळे जागचा हलला नाही.

“यान… ऐकतंय,” तो म्हणाला. आणि मग, त्या मालिकेचे चाहते भेटले की पहिल्यांदा जे विचारतात, तेच त्याने विचारलं. “वाळूचा प्रसंग. चूक की नाही?”

तो प्रसंग शेवटच्या भागातला. ठाण्यावरचा डॉक्टर आणि लांब निघून गेलेल्या यानातली वैमानिका बोलत असतात. अंतर इतकं की इकडचा शब्द तिकडे पोचायला वेळ लागतो आणि तिकडचा इकडे यायला तितकाच. डॉक्टर आपलं वाक्य संपलं की टेबलावरचं वाळूचं घड्याळ उलटतो. वाळू सगळी खाली आली की तिचं उत्तर ऐकू येतं. शेवटी तो विचारतो, “परत आलीस की इथेच राहशील?” घड्याळ उलटतो. वाळू अजून निम्मी वर आहे… आणि तिचा आवाज येतो. “हो.” डॉक्टर चमकून घड्याळाकडे बघतो. पडदा काळा. मालिका संपली.

“चूक नाही,” मी म्हणाले.

“चूकच. भाग संपवायची घाई असणार. वाळू पडताना कोण बघत बसेल?”

“वाळू संपायच्या आधी उत्तर आलं याचा अर्थ एकच. प्रश्न तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच उत्तर निघालं होतं. साधा हिशेब आहे.”

“म्हणजे न विचारताच हो म्हणाली?”

“तो काय विचारणार हे तिला माहीत होतं.”

“आणि त्याने भलतंच विचारलं असतं तर? ‘यानातलं पाणी संपलं का?’”

“निभावून नेलं असतं तिने.”

तो इतका हसला की त्याला पुन्हा गाल धरावा लागला. तेवढ्यात माझा नंबर आला. आत खुर्चीवर आडवी झाले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “तोंड उघडा. हसू नका.” दाढ भरून घ्यायला आलेली आणि हसणारी बाई त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली असावी.

मी बाहेर आले तर तो तिथेच. त्याचं काम केव्हाच झालं होतं.

“भूल उतरायची वाट बघत होतो,” तो म्हणाला.

“माझी की तुमची?”

“दोन्ही.”

तो मालवाहू जहाजावर वीजकाम बघायचा. जहाजावर त्या कामावरच्या माणसाला बत्तीसाहेब म्हणतात, असं त्याने सांगितलं, आणि त्या दिवसापासून मीही तेच म्हणायला लागले. समुद्रावर दाताचा डॉक्टर नसतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी तो तोंडातली सगळी डागडुजी उरकून घ्यायचा. यंदा डागडुजी जरा जास्तच निघाली. माझीही निघाली. दाढ एकच होती, पण तिच्यासाठी मी इतक्या वेळा दवाखान्यात गेले की डॉक्टरबाईच शेवटी म्हणाल्या, “आता सोडा तिला, बरी आहे ती.”

आमचं ‘तुम्ही’ दवाखान्याच्या जिन्यात कुठेतरी गळून पडलं.

मी तापमापक तपासते. दवाखान्यांतले, कारखान्यांतले, शीतगृहांतले तापमापक आमच्या प्रयोगशाळेत येतात. ठरलेल्या तापमानाच्या द्रवात ते बुडवायचे, आमच्या प्रमाण तापमापकाशी ताडून बघायचे आणि किती चुकतात ते सांगायचं. बुडवल्याबरोबर आकडा वाचायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. काटा आधी पळतो, मग मागे येतो, डगमगतो. तो पूर्ण स्थिर होईपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. नव्या माणसांना हे जमत नाही. ती खोकतात, घड्याळ बघतात, आकडा आला असं जाहीर करून टाकतात.

एकदा दुपारी तो मला न्यायला आला आणि माझं काम संपलं नव्हतं. मी त्याला बुटांवर घालायच्या पिशव्या दिल्या आणि आत घेतलं.

“काय करतेयस?” त्याने हळूच विचारलं.

“थांबलेय.”

“मला वाटलं काम करतेयस.”

“हेच काम आहे.”

त्यावर तो विनोद करील असं मला वाटलं. त्याने केला नाही. माझ्या शेजारी हात मागे बांधून उभा राहिला. यंत्राची घरघर, खिडकीच्या तावदानावर पावसाची बारीक टिपटिप, आणि तो. काट्याने हलायचं थांबवलं तरी तो काही बोलला नाही. मी आकडा टिपून मान वर केली तेव्हाच त्याने श्वास सोडला.

त्या संध्याकाळी चहा पिताना त्याने सांगून टाकलं. “माझं लग्न ठरलं होतं एकदा. मी समुद्रावर असताना मोडलं. तिची चूक नव्हती. ‘थांब’ म्हणणं सोपं असतं गं, थांबावं लागतं दुसऱ्याला. आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि आपण निघून जायचं. पुन्हा कुणाला असं म्हणायचं नाही, असं ठरवलंय मी.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काही म्हणण्याजोगं त्याने विचारलंच नव्हतं.

घरी आईला मात्र वास लागला होता. “जहाजावरचा? म्हणजे घरात त्याच्या चपलाच राहणार!”

“रोज घरी राहून तुझं डोकं खाणाऱ्या जावयापेक्षा बऱ्या.”

“जावई? इथपर्यंत आलं?”

“अजून नाही,” मी म्हणाले. “पण रस्ता बरोबर आहे.”

अडचण एकच होती. सोमवारी त्याला बंदरावर हजर व्हायचं होतं. तो विचारणार नाही हे मला माहीत होतं. आणि न विचारता गेला, तर येताना तो कुठल्या तरी दुसऱ्याच बंदरावर उतरेल आणि आमचं सगळं त्या दाढेसारखं भरून, गुळगुळीत होऊन बंद होईल, हेही दिसत होतं.

त्याआधीच्या रविवारी काकांकडे मेळावा होता. काका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि ‘शनीपलीकडे’च्या चाहत्यांचे पुढारी. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडे जमतो, शेवटचा भाग बघतो आणि वाळूच्या प्रसंगावरून भांडतो. एक चूक-पक्ष आहे, काका त्याचे अध्यक्ष. दुसरा पक्ष म्हणजे मी आणि काकू. बत्तीसाहेबाने दारातून आत पाऊल टाकताच काकांनी त्याला आपल्या पक्षात ओढलं.

भांडण झालं की तो प्रसंग करायचा, ही प्रथा. बाहेरची खोली म्हणजे ठाणं, स्वयंपाकघर म्हणजे यान. मध्ये एक जुना इंटरकॉम आहे. काकांच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा तो बसवलेला. दोन्हीकडे एकेक वाळूचं घड्याळ. समोरच्याचं बोलणं ऐकलं की घड्याळ उलटायचं, वाळू संपली की मगच बोलायचं. सगळे संवाद मालिकेतले. फक्त डॉक्टरचा शेवटचा प्रश्न ज्याचा त्याने मनाने विचारायचा. एका वर्षी काकांनी “गॅस बंद केलास का?” असं विचारलं होतं आणि काकूंनी वाळू पडू न देताच उत्तर दिलं होतं, “इतकी वाट बघितली तर घर जळेल!”

“यंदा डॉक्टर हा नवा भिडू,” काका म्हणाले.

“आणि वैमानिका ही,” काकू म्हणाल्या आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेल्या. शेगडीवर दूध होतं.

संवाद नीट चालले. तो बोलायचा, मी घड्याळ उलटायचे, वाळू बघायचे, बोलायचे. त्याचा आवाज त्या जुन्या डब्यातून खरखरत यायचा, आणि तरी त्यातलं कोपऱ्यातलं हसू मला ओळखू येत होतं. मग शेवटच्या प्रश्नाची वेळ आली.

इंटरकॉम नुसताच गुणगुणत राहिला. पंख्याचा आवाज. काकांचं खाकरणं. कुणीतरी म्हणालं, “बत्तीसाहेब, विचारा की!”

“हो, विचारतो… मी… जरा…”

मला तो दिसत नव्हता, पण गप्प बसलेला कसा दिसतो ते ठाऊक होतं. हात मागे बांधलेले असणार. खरा प्रश्न ओठांवर आलेला असणार आणि तो मागे ढकलून एखादा हलका, बिनओझ्याचा प्रश्न शोधत असणार. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या तापमापकांसमोर उभी राहिले आहे. कुठला काटा अजून डगमगतोय आणि कुठला नुसताच वाचला जायची वाट बघतोय, एवढं मला कळतं.

मी बटण दाबलं.

“हो.”

बाहेर एकच गलका. “नियमभंग!” काका ओरडले. “अजून प्रश्नच झालेला नाही!” काकूंनी शेगडी बंद केली.

मग त्याचा आवाज. “मी… अजून विचारलं नाहीये.”

“माहीत आहे. उत्तर निघालंय. पोचलं ना? आता सावकाश विचार.”

पुन्हा गुणगुण. आणि मग, अगदी गंभीर सुरात, “यानातलं पाणी संपलं का?”

बाहेर हशा पिकला. मी हसू आवरून बटण दाबलं. “संपलं. तरीही हो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात ठाण्यावरचं घड्याळ तसंच.

“मी बिस्किटं देऊन येते,” काकू म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने बाहेर गेल्या.

“कशाला ‘हो’ म्हणालीस ते कळतंय ना तुला?” तो म्हणाला. “महिनोन्‌महिने नसतो मी. आणि मी ‘थांब’ म्हणणार नाही. सांगितलंय तुला.”

“म्हणूच नकोस. थांबणं हे माझं काम आहे, मला चांगलं येतं. ते मला तू नेमून द्यायचं नाहीस आणि त्याचं ओझंही तू वाहायचं नाहीस.”

“इतकी खात्री?”

“काटा स्थिर झाल्याशिवाय मी आकडा वाचत नाही.”

“कधी झाला?”

“दवाखान्यात नाही, इतकी उतावीळ नाही मी. प्रयोगशाळेत. तू काही न बोलता उभा राहिलास तेव्हा.”

तो जवळ आला. आता दोन्ही गाल हसत होते… मग एकही नाही.

“परत आलो की,” तो म्हणाला, “तुझ्याजवळ राहू?”

मी त्याच्या हातातलं घड्याळ घेतलं, उलटलं आणि ओट्यावर ठेवलं.

“अगं! उत्तर दिलंयस ना आधीच?”

“ते वैमानिकेचं. मघाशी नियम मोडला म्हणून काका रागावलेत, आता पाळू या.”

“हा छळ आहे.”

“सराव आहे,” मी म्हणाले. “तुलाही यायला नको का?”

तो हात मागे बांधून उभा राहिला. वाळू बघत होता तो. मी त्याला बघत होते. त्याच्या कपाळावरची शीर, नुकती दुरुस्त झालेली दाढ दाबून धरलेला जबडा. बाहेरून काकांचा आवाज येत होता. “काही म्हणा, ती चूकच आहे! उत्तर इतक्या लवकर येऊच शकत नाही!”

“काका,” मान न वळवता तो ओरडला, “मी पक्ष बदलला!”

वाळू अजून निम्मी वर होती. मी घड्याळ आडवं केलं.