अर्थिंगचा खड्डा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. मला वाद घालायला वेळ नाही, कामं पडलीत.

आणि आधीच सांगते. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही, पिंपळ नाही. जे झालं ते गेल्या मे महिन्यात, भर दुपारी झालं. पुसदहून दिग्रसकडं निघालं की थोडं आत एक तांडा लागतो. तांड्याच्या अगदी शेवटी पत्र्याचं छप्पर आणि निळं दार... ते आमचं घर.

मी बबिता. बंजाऱ्याची पोर. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. आता आम्ही शेती करतो, आणि मी कम्प्युटरवर हलती चित्रं काढते. अ‍ॅनिमेशन. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण तुम्हाला कळावं म्हणून बोलणं वऱ्हाडीत लिहिते.

नागपूरच्या एका स्टुडिओनं मला सांगितलं होतं, मिनिटभराची फिल्म करून पाठव. आवडली तर घरी बसून काम देऊ. मुदत मे संपेपर्यंत.

माझा बा, शंकरसिंग, म्हणाला, "पाठव. नाई जमलं तर तो डबा विकून टाकू अन् तू डी.एड.ले बस."

मला डी.एड. करायचं नव्हतं. मेले तरी नाही.

डबा म्हणजे माझा कम्प्युटर. पुसदला शादाबभाईचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं बसून मी तो एकेक भाग जमवत जोडला. प्रोसेसर जुना, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड, एका पंख्याचं. कॅबिनेट इतकं पोचे पडलेलं की शादाबभाईनं ते असंच देऊन टाकलं. रॅम मात्र भरपूर टाकली, कारण फ्रेमवर फ्रेम चढली की कमी रॅमचं मशीन गुडघे टेकतं. आणि पॉवर सप्लाय कोरा करकरीत.

"बाकी समदं जुनं चालते," शादाबभाई म्हणाला होता. "पन करंट देनारा जुना नको घेऊ. तो मरते तवा सगळ्याईले घेऊन मरते."

लाईट गेली तरी मशीन चालू ठेवणारा बॅटरीवाला यूपीएस काही बजेटमध्ये बसला नाही. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

घरी आणला, सुरू केला. झकास चालला. पण दोन भानगडी होत्या. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आणि चित्रं काढायची जी काळी पाटी असते, तिच्यावर पेन फिरवलं की स्क्रीनवर रेघ थरथरायची. बैलाची पाठ काढावी तर करवतीचे दात निघायचे.

मी शादाबभाईला फोन लावला.

"घरात अर्थिंग हाय का?" त्यानं विचारलं. "तिसऱ्या पिनची वायर कुठी जाते?"

"कुठीच नाई."

"मंग काहून थरथरनार नाई? मागं खड्डा खन. कोळसा अन् खडेमीठ भर, लोखंडी पाइप गाड, त्याले वायर जोड. अन् रोज पानी टाकजो. खड्डा सुकला की अर्थिंग मेलं समज."

बानं मागच्या भिंतीला लागून खणायला घेतलं. कमरेएवढं खोल गेल्यावर कुदळ दगडावर वाजली.

तीन दगड. कोणीतरी मांडलेले... चुलीसारखे. आतल्या अंगानं काळे.

मधोमध पांढऱ्या बांगडीचा अर्धा तुकडा होता. आमच्या लग्न झालेल्या बायका दंडात चुडा घालतात, त्यातल्या बांगडीसारखा.

मागच्या दारात रामीबाई बसली होती. बाची काकू, मी तिला दादी म्हणते. तांड्यात तिच्याहून म्हातारं कोणी नाही. तिनं तो तुकडा पाहिला आणि हातातली तंबाखू मळायची थांबली.

"बुजव," ती म्हणाली.

"कायले?"

"बुजव म्हन्लं नं."

पण बानं उन्हात घाम गाळून खणलं होतं, तो कसला बुजवतो. त्यानं दगड आणि तुकडा तसाच ठेवला, वरून कोळसा ओतला, मीठ ओतलं, पाइप गाडला. मी वर तांब्याभर पाणी टाकलं.

पाणी घटाघटा गेलं. खाली कोणी तोंड लावून बसल्यासारखं...

मी लक्ष दिलं नाही. कारण त्या दिवशी माझी रेघ पहिल्यांदा सरळ आली. काय सांगू, नाचायची बाकी होते.

फिल्मसाठी मी आमची लदेणीच घेतली होती. मिठाच्या गोण्या लादलेले बैल एका बाजूनं येतात, धूळ उडवत दुसऱ्या बाजूनं निघून जातात. मागं रिकामा रस्ता. बस.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा तांडा झोपला होता. मी बैलाचे पाय काढत होते. तेवढ्यात लाईट गेली.

कूलर थांबला.

पलीकडची पिठाची गिरणी थांबली.

माझ्या कॅबिनेटचा पंखाही थांबला.

पण स्क्रीन... चालूच होती.

यूपीएस नव्हताच, आणि हा काही लॅपटॉप नाही, की बॅटरीवर चालावा. मी वायर पाहिली, बोर्ड पाहिला. बोर्डवरचा लाल दिवा बंद होता. कॅबिनेटला हात लावला. बाहेर दगड फुटतील असं ऊन, आणि ते पत्र्याचं खोकं माठासारखं गार.

मग आवाज आला.

घंटा... बैलांच्या गळ्यातल्या. बऱ्याच. दूर दूर जाणाऱ्या.

माझ्या फिल्मला अजून आवाज घातलेला नव्हता. स्पीकरची पिन काढलेली होती. तांड्यात आता ट्रॅक्टर आहेत, घंटावाला बैल शोधून सापडणार नाही. आणि आवाज स्क्रीनकडून नाही, मागच्या भिंतीकडून येत होता. जिथून अर्थिंगची वायर आत येते तिथून.

लाईट आली तसा तो बंद झाला. मी पाणी प्यायले. स्क्रीनकडं पाहिलं.

रिकाम्या रस्त्याच्या कडेला एक छोटी, वाकडी रेघ होती.

हात घसरला असेल म्हणून मी ती पुसली.

पुढच्या दुपारी पुन्हा लाईट गेली. पुन्हा घंटा. पुन्हा रेघ... आता जास्त लांब. पुन्हा पुसली.

त्याच्या पुढच्या दुपारी ती रेघ उरली नव्हती. बाई झाली होती.

रस्त्याच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसलेली. डोक्यावर ओढणी, तोंड खाली. एका दंडात पुरा चुडा. दुसऱ्या दंडातली एक बांगडी अर्धी तुटलेली.

माझ्या धंद्यातल्या लोकांना पुढचं जास्त कळेल. एक चित्र कोणीही चिकटवून देईल. पण ती प्रत्येक फ्रेममध्ये होती. प्रत्येकीत वेगळी काढलेली, केसभर फरकाची. मी फिल्म चालवली. बैल आले, गेले, धूळ बसली. ती तिथंच राहिली. आणि तिची छाती हळूच वर-खाली होत होती.

ती श्वास घेत होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी राग आला. माझी फाइल आहे. तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही, मग तो जिवंत असो की मेलेला.

मी दादीला हाताला धरून आणलं. तिनं स्क्रीन पाहिली आणि ओढणी पुढं ओढली. थोरल्यांसमोर ओढतात तशी.

"कोन हाय ही?" मी विचारलं.

"नाव कोनी सांगतलंच नाई आमाले. घेतच नव्हते नाव." दादी खाली बसली. "मिठाची लदेनी चालली होती. ही बाळंतीन. पोरगं गेलं, हिले ताप चढला. बैलावर बसवत नव्हतं अन् इथी पान्याचा थेंब नव्हता. बैल मरतीन म्हनून थांबता येत नव्हतं. चूल मांडून देल्ली, अन् म्हन्ले, तू बस, आमी पानी घेऊन येतो."

"मंग?"

"नाई आले."

"कोनाची होती?"

दादी माझ्याकडं बघत राहिली. "आपल्याच घरची नं माय. दुसऱ्याची असती त मले कोनी सांगतलं असतं?"

बा दारात उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. तरातरा मागं गेला आणि पाइपची वायर हिसकून काढली.

"ते बाई मिटव," तो म्हणाला. "अन् बैल तेवढे पाठव. नागपूरवाल्याईले काय आपल्या घरची बदनामी दाखवतं? नाई त उद्याच डबा शादाबकडं नेऊन देतो."

वायर निघाल्याबरोबर पेन पुन्हा थरथरायला लागलं. मुदत तोंडावर आली होती. त्या थरथरत्या रेघेनं माझी फिल्म होणार नव्हती, आणि वायर जोडली तर ती बाई जाणार नव्हती.

मी पकड घेतली आणि मागं गेले. वायर पुन्हा पाइपाला आवळली. खड्डा एवढ्या वेळात भेगाळला होता. मी भरलेली घागर आणून सगळी ओतली.

"बबे, ऐकून राह्यली का?" बा ओरडला.

"ऐकलं," मी म्हणाले. "एकदा सोडलं ना आपन तिले? आता मी नाई सोडत. डबा न्यायचा त मले उचलून बाजूले ठेव अन् ने."

बा चप्पल घालून शेताकडं निघून गेला.

मी स्क्रीनसमोर बसले. "हे पाह्य बाई," तिला म्हटलं, "तुले पुसत नाई. पन मायाच्यानं जेवढं होईन तेवढंच करतो."

मग मी लदेणी परत फिरवली. एकेक बैल वळवून काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढलंय त्यालाच माहीत. मनगट सुजलं. एक माणूस तिच्यापुढं पाण्याची मशक धरतो, ती पिते, बैलावर बसते, सगळे जातात. असं काढलं मी. रेंडरला लावलं, म्हणजे सगळ्या फ्रेमचा मिळून व्हिडिओ बनायला. माझ्या गरीब मशीनला त्यासाठी अख्खी दुपार लागली.

व्हिडिओ उघडला.

बैल परत आले. माणसानं मशक पुढं केली.

तिनं तोंड फिरवलं.

मी हे काढलेलं नव्हतं. फाइलमध्ये ती पाणी पीत होती. व्हिडिओत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली होती, तो माणूस उभा राहून राहून शेवटी निघून गेला होता. पुन्हा रेंडर केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा तिनं मान वर केली... आणि सरळ माझ्याकडं पाहिलं.

तसं बघणं मी ओळखते. डी.एड.चं नाव काढलं की मी तशीच बघते.

मला कळलं. तिला त्यांच्यासोबत जायचंच नव्हतं. सोडून गेलेल्यांच्या हातचं पाणी तिला नको होतं, आणि मी तिला बळंच पाजत होते, बैलावर चढवत होते.

परत फिरवलेले सगळे बैल मी काढून टाकले. आता फिल्ममध्ये लदेणी जाते, धूळ बसते. ती बसलेली राहते, मान वर करून, श्वास घेत. आपण तिच्यापाशी थांबतो. संपलं.

पाठवून दिली. नागपूरहून फोन आला. "ती बसलेली बाई फार भारी. तो श्वास कसा केलास गं?"

"अर्थिंग चांगलं आहे," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी गंमत करते. काम मिळालं. बानं पेढे वाटले, पण फिल्म अजून पाहिली नाही.

इथं संपलं असतं तर बरं होतं.

जूनमध्ये मला कामाचं समजून घ्यायला नागपूरला जाऊन राहावं लागलं. निघताना बाला बजावलं होतं, खड्ड्यात रोज पाणी टाक. टाकतो म्हणाला. टाकलं नाही.

परत आले ती दुपारचीच वेळ. खड्डा ठणठणीत कोरडा. मी आत गेले, कम्प्युटर लावला, फिल्म उघडली.

बैल आले. बैल गेले. धूळ बसली.

रस्ता रिकामा होता.

नागपूरला फोन करून विचारलं. त्यांच्याकडच्या फिल्ममध्ये ती आहे. माझ्याकडच्या एकाही फ्रेममध्ये नाही.

मग भिंतीकडं लक्ष गेलं. वायर आत येते त्या भोकापासून ओल उतरली होती. खाली फरशीवर... फरशीवरून टेबलाकडं... टेबलापासून माझ्या खुर्चीपर्यंत. खुर्चीची गादी चिंब होती. आणि गार.

मी दारापर्यंत मागं सरकले, खोटं कशाला सांगू. मग फडकं आणलं, गादी पुसली.

"पानी देईन," मी मोठ्यानं म्हटलं. "जागा बी देईन. पन खुर्ची मायी हाय. मी लई मेहनतीनं जोडलं हे."

आणि बसले.

त्या दिवसापासून माझ्या डाव्या हाताला एक दुसरी प्लास्टिकची खुर्ची असते. खड्ड्यात मी रोज पाणी टाकते, ते आता हळूहळू मुरतं. उकाडा असला की आमचं पत्र्याचं घर भट्टी होतं. बा घामानं निथळत उभा राहतो, दादी जमिनीवर आडवी होते. पण घरातल्या सगळ्यात गार खुर्चीवर कोणी बसत नाही.

शादाबभाई म्हणतो, अर्थिंग काढ, रेघ थरथरू न देणारं एक यंत्र बाजारात मिळतं, त्यानंही भागेल. मी नाही म्हटलं. तो खड्डा माझा आहे, घर माझं आहे, आणि ती आमच्या घरची आहे.

तिचं नाव मात्र अजून कळलेलं नाही. ते मला टोचतं.

आत्ता, हे लिहिताना, लाईट गेली आहे.

कूलर थांबला. गिरणी थांबली.

स्क्रीन चालू आहे.

डावीकडं कोणीतरी श्वास घेतंय... संथ, वर-खाली.

मी तिकडं बघत नाहीये. मला हे पुरं करायचं होतं, आणि मी ते केलं.