उजवा दिवा

उंबऱ्यावरून उठा आधी, पोरांनो. भुताची ऐकायची तर आत येऊन ऐका. आणि ही ऐकीव नाही, आमच्या पंडितच्या बाबतीत घडलेली आहे. तो अजून सुरतेत, लिंबायतलाच राहतो. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा.

पंच्याण्णव साल. पंडित तेव्हा पर्वत पाटियाला गाड्यांचं वायरिंग करायचा. हात असा की मेलेला हॉर्न जागा करावा. एका कापडवाल्या शेठची जुनी हिरवी मोटार त्याच्याकडे आली. शेठच्या लेकीची पाठवणी दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून व्हायची होती. शेठचा नोकर राघो गाडी घेऊन आला आणि चावी देताना म्हणाला, "उजवा इंडिकेटर बंद शे, भाऊ. आमना डायवर धुडकू त्यामाच गया. दिवा लागे ना म्हनीसन काच उतारी, हात दखाडा... अन मांगून ट्रक उना."

सीटवर राहिलेला धुडकूचा खाकी कोट आणि विड्यांचं बंडल त्यानं काखेत मारलं. अपघाताच्या दिवसापासून शेठाणीनं ड्रायव्हरच्या दाराची काच वर चढवून तिचं हँडलच काढून ठेवलं होतं.

पंडितनं सगळी दुपार त्या दिव्यात डोकं घातलं. फ्यूज पाहिला. अर्थिंगची तार खरवडली. टिकटिक करणारी डबी, तो फ्लॅशर, नवा बसवला. टेस्टर होल्डरपर्यंत झकास पेटायचा, म्हणजे करंट येत होता. पण बल्ब लावला की अंधार. तोच बल्ब डाव्या बाजूला लावला की खुशाल डोळे मिचकावायचा. पंडित रडकुंडीला आला.

तिन्हीसांजेला मात्र उजवा दिवा आपोआप लागला. पंडितनं कारण शोधायचं सोडून दिलं आणि शटर ओढलं. चुकलं ते इथंच.

ट्रायलच्या नावाखाली स्वारी निघाली थेट कोसाडला, सासुरवाडीला. मेकॅनिकांची ट्रायल ती, अशीच असते! बायको तारा बाळंतपणाला माहेरी होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, नवससायासानं झालेलं पोर. ते मोटारीतून घरी आणायची हौस कोणाला नसेल? तारा पुढं बसली, पोर मांडीवर, कानटोपी घातलेलं. थंडी होती म्हणून तिच्या बाजूची काचही चढवली.

दत्तजयंतीची रात्र. पिठूर चांदणं पडलेलं. वराछा मागं पडलं तेव्हा साडेअकरा झाले असतील. पोराचं नाव काय ठेवायचं यावर दोघांचं गोड भांडण चाललं होतं. लिंबायतकडे वळायचं आलं. उजवीकडे. पंडितनं इंडिकेटर दिला.

टिक... टिक...

आणि बंद.

आरशात ट्रकचे दिवे. भरधाव. पंडितनं दांडी पुन्हा ओढली. काही नाही. सवयीनं हात बाहेर काढायला गेला, तो काचेवर आपटला. गाडी अर्धी वळली होती. पुढून दुसरी गाडी येत होती, मागं ट्रक. पंडितला फक्त पोर दिसत होतं.

तेवढ्यात तारा म्हणाली, "ओ, तुमनी बाजूनी काच लावा ना. पोरना कानमा वारा जास."

पंडितच्या उजव्या गालाला गार वारं लागत होतं.

"तारा... काच बंदच शे."

तिनं पोराची कानटोपी खाली ओढली.



विडीचा वास आला. पंडित विडी ओढत नव्हता. कोणीतरी... अगदी जवळ... श्वास घेत होतं.

मग मागं ब्रेक किंचाळले.

ट्रक वीतभर अंतरावर थांबला. त्याचा ड्रायव्हर शिव्या देतच उतरला. "इंडिकेटर तो बनवा लो, भाई! वो तो तुमने हाथ दिखाया, खाकी बाँह दिख गई, तब ब्रेक मारा. नहीं तो बच्चे समेत..."

तो थांबला. त्यानं काचेकडे पाहिलं. मग पंडितच्या निळ्या स्वेटरकडे. मग पुन्हा काचेकडे.

"ये... बंद है?"

माणूस मागं मागं सरकत ट्रकमध्ये चढला आणि निघून गेला.

पंडित घरी कसा पोचला त्याचं त्याला ठाऊक. सकाळी पाहतो तर अख्खी गाडी धुळीनं माखलेली, पण ड्रायव्हरच्या काचेखाली, कोपर टेकवतात ना, तेवढीच जागा पुसलेली. लग्नाची गाडी, म्हणून नखशिखांत धुतली आणि शेठकडे घेऊन गेला. रस्ता उकरलेला, धुरळाच धुरळा.

शेठच्या दारात राघो झेंडूच्या माळा घेऊन उभा होता. माळ बांधायला तो पुढं आला, आणि ड्रायव्हरच्या दाराशी थबकला.

"पंडित... गाडी तूच चालाडी ना?"

"मीच त."

राघोनं बोट दाखवलं. दारावर धूळ पुन्हा जाड बसली होती. काचेखाली कोपराएवढी जागा तेवढी... लख्ख.