दाशाच्या नावाची घागर

कोणी मानलं नाही तिचं. साहेबानं नाही, डॉक्टरानं नाही. पोटच्या पोरानं, भूषणनं, तर हसून सांगितलं, "माय, तू टीव्ही कमी पाहत जा." सिंधुताई चौथीपर्यंतच शिकली होती, पण डोळे काही शाळेत सोडून आली नव्हती. पाहिलं ते पाहिलं.

स्मृति नगरात भाड्याच्या बंगल्यात एक रशियन कुटुंब राहायला आलं होतं. साहेब कारखान्यात मशिनी बसवायला आलेला, लारिसा मॅडम घरी, आणि सहा वर्षांची दाशा. सिंधुताई सेक्टर २ मधून सायकलनं यायची, पोळ्या लाटायची आणि मॅडमला इथं जगायला शिकवायची. कूलरची टाकी ऊन चढायच्या आत भरायची. आंबे आधी पाण्यात घालायचे. बाहेर निघताना कान बांधायचे. मॅडमला सगळ्याचीच भारी हौस. हिंदी शिकून झाली, बांगड्या भरून झाल्या, मेंदी झाली, तुळसही लावून झाली.

अक्षय तृतीयेला मॅडमनं बाजारातून नवी घागर आणली. सगळ्याच बाया घेत होत्या म्हणून.

"हमारे घर भी भरेंगे, सिंधुताई. कैसे?"

"जिसका नाम लेना है, उसका नाम लेके पानी डालो," सिंधुताई म्हणाली आणि वडे तळायला आत गेली.

बस, एवढंच सांगितलं. ही घागर गेलेल्या माणसाची असते, हे सांगितलंच नाही. कावून सांगेल? तिच्या भंडाऱ्याकडच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

बाहेर आली तर घागर काठोकाठ भरलेली, वर आंबा, कुंकवाची बोटं. मॅडम लेकराला जवळ घेऊन हसत होती.

"मैंने दाशा का नाम लिया. मेरी बेटी कभी प्यासी नहीं रहेगी."

सिंधुताईच्या हातातला झारा खाली पडला.

"अवो मॅडम, ये मरे हुए का रहता है! फेको इसको!"

साहेब बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं, घागरीवर टिचकी मारली. "मिट्टी का बर्तन है. बच्चे के सामने ऐसी बात नहीं." घागर कोपऱ्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दाशानं पाणी मागितलं. "वोदा." ग्लास दिला, संपला. "वोदा." जग संपला. ओठ मात्र कोरडेच, फुटलेल्या शेतासारखे. तीन दिवसांत पोरगी अर्धी झाली. डॉक्टर म्हणाला, उन्हाची सवय नाही, सलाईन लावली. बाटलीमागं बाटली गेली, तरी जीभ टाळूला चिकटलेली.

चौथ्या दुपारी मॅडम थकून खुर्चीतच झोपली होती. पडदे ओढलेले. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास, आणि त्यात नव्या मातीचा वास मिसळलेला. सिंधुताई दाशाच्या कपाळावर पट्टी ठेवत होती. मधेच लाईट गेली, कूलर थांबला.

तेव्हा ऐकू आलं.

घट्... घट्... घट्...

कोपऱ्यातून. कोणीतरी सावकाश, मन लावून पीत होतं. घागरीवर झाकण तसंच होतं. सिंधुताईनं ते उचललं. पाणी हळूहळू खाली जात होतं... आणि मागं पलंगावर दाशाचा गळा रिकामाच हलत होता, त्याच तालात.

ती थांबली नाही. घागर उचलली, अनवाणी फाटकाबाहेर पळाली आणि तापलेल्या डांबरावर आपटली. पाणी चर्र करून उडून गेलं.

दाशानं त्यानंतर पाणी मागितलं नाही.

मॅडम रडली, तिच्या गळ्यात पडली. साहेबही म्हणाला, थँक्यू, पोरीजवळ बसून राहिली म्हणून. ताप उतरला, ओठ गुलाबी झाले. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, तरी सकाळचा ग्लास स्टुलावर भरलेलाच होता. सिंधुताईनं पोरीचा हात धरला. थंडगार, छपरीतल्या माठासारखा.

आणि फाटकाकडून आवाज आला.

"वोदा... मामा... वोदा..."

दाशाचा आवाज; आईला ती 'मामा'च म्हणायची. सिंधुताईनं पलंगाकडे पाहिलं. पोरीचे ओठ मिटलेले.

"मॅडम... सुनो ना... बाहर बच्ची रो रही..."

मॅडमनं कान दिला. "कोई नहीं, सिंधुताई. आप थक गई हैं." ती सूप गरम करायला आत गेली. सिंधुताई पाण्याचा लोटा घेऊन फाटकाशी धावली. खापऱ्यांवर पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. रडणं तसंच, पायाजवळ, वीतभर अंतरावर.

परत आली तर पोरगी उठून बसली होती. या लेकराला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आता ती भंडाऱ्याकडच्या म्हातारीसारखी बोलली, शांत.

"रडू दे तिले. आता मी हावो इथं."

सिंधुताईनं उंबऱ्यातूनच विचारलं, "तू... कोण होय?"

"नावानं पाणी देल्लं, म्हणून आलो होतो. पिऊन चाललो जाणार होतो मी." पोरगी हसली. "तुमची पोरगी तर घागरीतच होती, बाई. घागर फोडली कोणं?"

फाटकाशी रडणं थांबलं. कोरड्या पडलेल्या, लहानशा गळ्यानं बाहेरून उत्तर दिलं.

"सिंधुताई."