उजव्या बाजूची चौकट

माझ्या पिशवीचा पट्टा तुटला तो नेमका त्याच्या दारात. बाबांची जुनी मोटारसायकल, खांद्यावर अवजारांचं ओझं, आणि चार दिवस न थांबलेली रिपरिप... तोल गेला, आणि शिलाई मशीनच्या सुया, बॉबिन, स्क्रू, सगळं चिखलात पसरलं.

लोखंडी खाटा बनवणारा तो माणूस बाहेर आला. त्याने गाडी उभी केली, मग आतून चुंबक आणून एकेक सुई वेचू लागला.

"एवढं सगळं खांद्यावर घेऊन फिरता?"

"घरोघरी जाऊन मशीनं दुरुस्त करते. आधी बाबा करायचे. ते गेले... आता मी."

"त्यांचा एक खांदा खाली झुकलेला असायचा का?"

मी चमकले. "असायचा. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचाही झुकायला लागलाय." त्याने गाडीच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला. "दोन्हीकडे पेट्या लावून घ्या."

"या गाडीला तशी चौकट तयार मिळत नाही."

"मग बनवू. तसंही हे माझं इथलं शेवटचं काम."

आत निम्मं दुकान रिकामं झालं होतं. त्याच्या मोठ्या भावाला अर्धांगवायू झाला होता. भावाचं दुकान, वहिनी, दोन पुतण्या... सगळं आता यालाच बघायचं होतं. बसने नऊ तासांवर.

दुसऱ्या दिवसापासून, कामं आटपली की, मी रोज दुपारी तिथे जाऊ लागले. आधी पुठ्ठा कापून गाडीला लावून पाहिला. मग पाइपात वाळू ठासून भरली, वाकवताना तो चेपू नये म्हणून. एक टोक मी धरलं.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"पाइप धरा म्हणालो... हा माझा हात आहे."

मी सोडला. पण लगेच नाही.

डावी चौकट दोन दिवसांत झाली. उजवी मात्र होईचना. एकदा ती सायलेन्सरला टेकली, एकदा भोक बोटभर सरकलं. तिसऱ्यांदा चुकली तेव्हा तो चहा सांगायला गेला होता. मी टेप घेऊन मोजलं. खडूची खूण अगदी बरोबर होती. काप मात्र खुणेपासून चांगला दोन बोटं लांब.

तो आला. मी टेप जागेवर ठेवून दिला होता.

"तुमच्या खाटाही अशाच तिरक्या असतात का हो?"

"खाटा सरळ असतात. खाट नेणाऱ्याला घाई असते." त्याने चहा पुढे केला. "तुम्हाला आहे?"

"नाही," मी म्हणाले. बाहेर पाऊस तसाच चालू होता, आणि त्याने थांबू नये असं मला वाटत होतं.

आठव्या दिवशी वहिनीचा फोन आला. भाऊ मोरीत पडला होता. याला दुसऱ्याच दिवशी निघायला हवं होतं.

उजवी चौकट त्याने दोन तासांत उभी केली. मागच्या बाजूने आडवी पट्टी टाकून दोन्ही चौकटी जोडल्या. सुबक काम, कुठेही खोट नाही. मला रडूच येत होतं.

"दोन तासांचं काम होतं तर..."

"हो."

"मग आठ दिवस?"

तो तारेच्या ब्रशने सांधा घासत राहिला. "जाणाऱ्या माणसाने उगाच काय बोलायचं? म्हणून चुकत राहिलो."

सकाळी मीच त्याला बसथांब्यावर घेऊन गेले. डाव्या पेटीत त्याचे कपडे, उजव्या पेटीत त्याची हत्यारं. तो पहिल्यांदाच माझ्यामागे बसला होता.

"गाडी डोलतेय का?" त्याने विचारलं.

"नाही."

एका खड्ड्यापाशी त्याचा हात माझ्या खांद्यावर आला... आणि तिथेच राहिला.

थांब्यावर मी सामान फार सावकाश काढलं. बस आली तरी तो हलेना.

"तू म्हणालीस तर राहीन."

पहिल्यांदाच तू. बाबा गेल्यावर दारात नुसती उभी राहिलेली माझी आई मला आठवली. त्याच्या वहिनीला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तीही तशीच उभी दिसली.

"म्हणूनच म्हणणार नाही."

त्याने मान हलवली. माझा हात हातात घेतला, क्षणभर दाबला, आणि पिशव्या उचलून तो चढला.

बस वळणाआड गेली तेव्हा मी म्हणाले, "राहा ना..."

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. "माझ्याशी बोललात?"

"नाही हो."

मी गाडी सुरू केली. पलीकडच्या गल्लीत एकीचं मशीन कालपासून अडून बसलं होतं, आणि ती माझी वाट बघत होती.