लाल दोऱ्याचा गाऊन

“हे काय आहे, वन्सं? अहो, बघा तरी! डोळे फुटले का तुमचे?”

भावजयीनं इस्त्रीच्या टेबलावरचा गाऊन उचलला आणि अक्काच्या अंगावर फेकला. स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा गाऊन… आणि त्याच्या कॉलरच्या आत, नखाएवढा, एक लाल दोरा!

अक्कानं डोळे बारीक करून पाहिलं. कापायचा राहिला होता मेला! नजर अधू झाली की अशी दगा देते.

त्या लाँड्रीत लाल दोऱ्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. ज्या कपड्याला लाल दोरा, तो कुणी उलगडायचा नाही, झटकायचा नाही. तो थेट मागच्या शेडमध्ये अक्काच्या हौदात जायचा. वाहत्या जखमांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या चादरी, अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांचे पायजमे, भाजलेल्या एका पोरीच्या उशीचे अभ्रे… दुसरी कुठलीच लाँड्री हे कपडे घ्यायला तयार नव्हती. दयेच्या गप्पा मारायला सगळे पुढे असतात हो! आजाऱ्याला बघायला फळं घेऊन जातात, ‘लवकर बरे व्हा’ म्हणतात, आणि जिना उतरताना नाकाला रुमाल लावतात. त्याची चादर कोण धुतं, हे विचारायची बुद्धी एकालाही होत नाही. अक्का धूत होती. आधी कपड्याला लाल दोऱ्याचा टाका घालायची, मग उकळत्या पाण्यात टाकायची, मागच्या दोरीवर वेगळं वाळवायची, आणि परत देताना दोरा कापून टाकायची… घेणाऱ्याला तो कधी दिसू नये म्हणून!

“अक्कांच्या हौदातला माल पुढे आला वाटतं,” इस्त्रीवाला गालातल्या गालात हसत म्हणाला.

“माझा गाऊन! त्या सडक्या लोकांच्या चिंध्यांत उकळला यांनी!” भावजय ओरडली. “कडेवर माझी तान्ही लेक असते हो… तिला काही झालं म्हणजे?”

आवाज ऐकून धाकटा भाऊ काउंटर सोडून आत आला. त्यानं दोरा पाहिला, मग अक्काकडे पाहिलं. “अक्का, गिऱ्हाइकं कुरकुर करतात, मी तोंड दाबून ऐकतो. आता घरातसुद्धा? बोल ना… हा गाऊन तुझ्या हौदात गेलाच कसा?”

अक्काच्या ओठांवर उत्तर आलं होतं. एक वाक्य! फक्त एक वाक्य बोलली असती, तर भावजयीची मान खाली गेली असती आणि अक्काची ताठ राहिली असती. पण समोर इस्त्रीवाला कान टवकारून उभा होता, आणि भावजयीच्या डोळ्यांत रागाच्या आड एक भेदरलेलं पाखरू होतं… ते फक्त अक्कालाच दिसत होतं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“मग शेड बंद! आणि तू…” भावाचा आवाज जरा अडखळला, “तू काही दिवस दुसरीकडे राहा. खोली बघतो मी.”

ज्या भावाला तिनं आईमागे पाठीवर बांधून वाढवलं, ज्याच्या लाँड्रीसाठी तिनं आपल्या बांगड्या उतरवून दिल्या, त्यानं तिला खोली बघून दिली! एका कारखान्यामागे, एक खिडकी, समोर भिंत. अक्का तिथे गेली. दोन पातेली, चटई-उशी, कपड्यांची पेटी आणि सुई-दोऱ्याचा डबा, एवढाच संसार. दिवसभर हात रिकामे. आयुष्यभर पाण्यात राहिलेले ते हात कोरडे पडले, भेगाळले… आणि त्या भेगांपेक्षा जास्त सलायचं ते हे, की कुणी दार वाजवत नव्हतं. ड्रायव्हर कसल्या चादरीवर झोपत असेल? त्याची बायको कुठे धूत असेल? विचार करता करता ती उगाच स्वतःच्या उशीच्या अभ्र्याला टाके घालायची आणि उसवायची.

आणि तिकडे लाँड्रीत व्हायचं तेच झालं.

सकाळी घरातले कपडे उलगडून वेगळे करायचं काम अक्काचं होतं. सगळ्यांच्या आधी उठून ती तो ढीग उपसायची. आता ते इस्त्रीवाल्याकडे आलं. त्यानं एक गठ्ठा झटकला, तळाशी बोळा करून कोंबलेला ओला गाऊन निघाला, आणि तो नाक चिमटीत धरून ओरडला, “कुणाच्या पोरानं मुतून ठेवलंय रे हे? पण पोराचा गाऊन एवढा मोठा होय!”

काउंटरवरची गिऱ्हाइकंसुद्धा हसली.

भावजय दारात उभी होती. बाळंतपण अवघड गेलं, आणि तेव्हापासून तिला लघवी धरवत नव्हती. उठता, बसता, शिंकता… सतत! नवऱ्याला काय सांगणार? ती ओले गाऊन ढिगाच्या तळाशी दडवायची, दुसऱ्या दिवशी ते स्वच्छ होऊन यायचे, आणि तिला वाटायचं, एवढ्या कपड्यांत कुणाच्या लक्षात येतंय!

एकीच्या लक्षात आलं होतं. पहिल्याच दिवशी. लाल दोऱ्याच्या कपड्याला कुणी हात लावत नाही, म्हणून तिनं तो दोरा घातला होता! आणि ती… ती ‘चुकलं माझं’ म्हणून घराबाहेर गेली होती!

अक्काच्या खोलीचं दार वाजलं, तेव्हा तिला आधी खरंच वाटेना. दार उघडलं तर भावजय. ती काही बोलायच्या आत अक्काच्या पायांशी कोसळली.

“वन्सं… का नाही बोललात? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले!”

“ऊठ गं. ओल्या अंगानं फरशीवर बसू नकोस.” अक्कानं पेटीतून आपला कोरडा गाऊन काढून तिच्या हातात दिला. “आधी हा बदल. रडायचं ते मग रड.”

ती बदलून आली, तशी अक्कानं तिला जवळ बसवलं.

“हे बरं होतं. लहानसं ऑपरेशन असतं. मी सोबत येईन.”

“तुम्हाला काय माहीत, वन्सं?”

अक्कानं सुई-दोऱ्याचा डबा जवळ ओढला.

“मला मूल झालं होतं… जगलं नाही. त्यानंतर हेच. सासूनं माझी चादर न धुता अंगणात वाळत घातली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. नवऱ्यानं गाडीत बसवून माहेरी आणून सोडलं. तुझा नवरा तेव्हा लहान होता, त्याला वाटतं मी भांडून आले. आजवर वाटतं… वाटू दे. ऑपरेशन फार उशिरा झालं, बरी झाले. पण परत कुणी बोलावलं नाही.” ती जराशी हसली. “माझ्या चादरीला दोरा घालणारं कुणी नव्हतं गं.”

भावजयीनं तिच्या भेगाळल्या हातांत तोंड लपवलं.

संध्याकाळी दोघी लाँड्रीत शिरल्या. भाऊ काउंटरमागून उठला, खूश होऊन म्हणाला, “बघ अक्का, माझ्या बायकोचं मन किती मोठं! माफ केलं ना तुला?”

अक्कानं हळूच भावजयीचा हात दाबला. गप्प राहा, असं तिला सांगायचं होतं. पण भावजय गप्प राहिली नाही. इस्त्रीवाल्याकडे सरळ बघत म्हणाली, “तो ओला गाऊन माझा होता. आजारी मी आहे. हसायचंय? हस आता, माझ्या तोंडावर हस!”

इस्त्रीवाल्यानं मान खाली घातली. इस्त्रीखालचा सदरा जळायला लागला तरी त्याला कळलं नाही.

मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि लाल दोरा माझ्यासाठी होता. यांनी माझी लाज झाकली, आणि तुम्ही यांना खोली बघून दिलीत!”

भाऊ जागच्या जागी खचला. अक्काचे पाय धरून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “अक्का, मला क्षमा कर गं… एक शब्द तरी बोलायचास!”

“तिचं दुखणं होतं. चारचौघांत मी कशी बोलू?”

“आणि तुझं?” तो मान वर करून म्हणाला. “तू सासरहून का आलीस, हे मी कधी विचारलंच नाही. का आलीस, अक्का?”

अक्कानं भावाच्या केसांवरून हात फिरवला. किती वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली होती! पण आता उत्तर द्यावं, तर रडणाऱ्या या पोराच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवायचा…

“भांडून आले रे,” ती म्हणाली. “तोंडाची फटकळ होते मी.”

आणि पदर खोचून ती मागच्या शेडकडे निघाली. हौद कोरडा पडला होता, कोपऱ्यात शेड बंद झाल्यापासून तसाच पडलेला ड्रायव्हरच्या चादरींचा ढीग तिची वाट बघत होता. तिनं खोलीवरून सोबत आणलेला सुई-दोऱ्याचा डबा उघडला, सुई उजेडाकडे धरली. दोरा काही ओवला जाईना. तेवढ्यात मागून भावजयीचा हात आला, तिनं सुई घेतली, लाल दोरा ओवला, आणि ती अक्काच्या हातात परत दिली.